‘घोटी’ म्हणजे ‘फिश’? इंग्रजी स्पेलिंगचे कोडे आणि मराठी जीभ

प्रतिनिधी, नाशिक

नाशिकहून मुंबईकडे जाताना इगतपुरीच्या अलीकडे घोटी हे बाजारपेठेचे गाव लागते. रोमन लिपीत या गावाचे नाव जी-एच-ओ-टी-आय अशा पाच अक्षरांत लिहिले जाते. योगायोग असा, की हीच पाच अक्षरे याच क्रमाने इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांमध्ये दीडशेहून अधिक वर्षे गाजत आहेत. ‘टफ’ या शब्दात ‘जी-एच’चा उच्चार ‘फ’ होतो, ‘विमेन’ या शब्दात ‘ओ’चा उच्चार ‘इ’ होतो आणि ‘नेशन’ या शब्दात ‘टी-आय’चा उच्चार ‘श’ होतो. तेव्हा या पाच अक्षरांचा उच्चार ‘फिश’, म्हणजे मासा, असाच व्हायला हवा, अशी ती कोटी. इंग्रजी स्पेलिंगची टर उडवण्यासाठी केलेली ही कोटी जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर सांगितली जाते. वस्तुत: ती १८५५च्या एका पत्रात आढळते आणि शॉ यांचा जन्म १८५६चा आहे.

कोटी मजेदार असली, तरी ती प्रामाणिक नाही. इंग्रजी शब्दाच्या आरंभी आलेल्या ‘जी-एच’चा उच्चार कधीही ‘फ’ होत नाही. तो ‘ग’च होतो. भूत या अर्थाचा ‘गोस्ट’ हा शब्द त्याचा पुरावा. ‘टी-आय’चा उच्चार ‘श’ होण्यासाठी त्याच्या पुढे आणखी एक स्वर यावा लागतो. म्हणजे इंग्रजीच्या नियमानुसार ही पाच अक्षरे वाचली, तर उच्चार ‘फिश’पासून दूर आणि घोटीच्या बराच जवळ येतो. इंग्रजी स्पेलिंगला काही ताळतंत्रच नाही, ही समजूत जगभर पसरलेली आहे. मात्र ती अर्धीच खरी आहे. त्याचप्रमाणे मराठी माणसाचे इंग्रजी उच्चार ‘चुकतात’, हेही अर्धेच खरे. त्या चुका मनमानी नसतात. त्यांच्यामागे मराठीचे स्वत:चे, शतकानुशतके चालत आलेले नियम असतात. हे दोन्ही बाजूंचे नियम समजावून न देता केवळ पाठांतर आणि हसे यांवर भागवले गेल्याने अनेक हुशार विद्यार्थी इंग्रजीत तोंड उघडण्यास कचरतात. या विषयाचे गांभीर्य तेथे आहे.

<b>छपाई थांबली, जीभ पुढे गेली</b>

इंग्रजीत अक्षरे २६ आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी सुमारे ४४. अडचणीचे मूळ येथून सुरू होते. रोमन लिपी ही लॅटिन भाषेसाठी घडलेली. ती इंग्रजीने उसनी घेतली, तेव्हाच काही ध्वनींना अक्षर नव्हते. पुढे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी आपल्या पद्धतीने स्पेलिंग बदलले. राणी या अर्थाच्या ‘क्वीन’ शब्दाच्या आरंभी असलेली ‘सी-डब्ल्यू’ ही जुनी अक्षरे जाऊन तेथे ‘क्यू-यू’ आली, ती याच काळात.

त्यानंतरची घटना सर्वांत महत्त्वाची. विल्यम कॅक्सटन याने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. छापखान्यामुळे स्पेलिंग हळूहळू स्थिर होऊ लागले. नेमक्या याच सुमारास, ढोबळमानाने १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीचे दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलत होते. भाषाशास्त्रज्ञ त्याला ‘महान स्वरपरिवर्तन’ म्हणतात. त्याआधी ‘नेम’ या शब्दाचा उच्चार आपल्या ‘नाम’च्या जवळ जाणारा होता, ‘टाइम’चा ‘टीम’च्या जवळ आणि ‘हाउस’चा ‘हूस’च्या जवळ. ‘नाइट’ म्हणजे सरदार, या शब्दातील ‘के’ आणि ‘जी-एच’ ही आज मुकी असलेली अक्षरे पूर्वी खरोखरच उच्चारली जात. जीभ पुढे निघून गेली, छापील अक्षर मात्र मागेच राहिले. इंग्रजी स्पेलिंग हा म्हणूनच आजच्या बोलण्याचा नव्हे, तर पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या बोलण्याचा आलेख आहे.

त्यात विद्वानांनी भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला, तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दात ‘ब’ आहे, एवढ्याचसाठी तो नंतर घुसवला गेला. बेट या अर्थाच्या ‘आयलंड’ शब्दातील ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीमुळे आला. सॅम्युअल जॉन्सन यांचा १७५५चा शब्दकोश प्रमाण मानला गेला आणि ही सारी विसंगती पक्की झाली. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांनी १८०६ आणि १८२८ च्या कोशांतून काही शब्द सुटसुटीत केले; ‘कलर’मधील ‘यू’ गेला, ‘सेंटर’च्या शेवटी ‘ई-आर’ आले. पण मूळ डोलारा तसाच राहिला.

तत्पूर्वी इंग्रजांनाही स्पेलिंगची फारशी पर्वा नव्हती. शेक्सपिअरच्या आज उपलब्ध असलेल्या सह्यांमध्ये त्याच्या स्वत:च्या आडनावाचे स्पेलिंगही एकसारखे नाही. त्याच शेक्सपिअरची ‘मॅकबेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ ही नाटके मराठीत आणणारे वि. वा. शिरवाडकर हे नाशिकचे, येथील हं. प्रा. ठा. महाविद्यालयाचे विद्यार्थी. मातृभाषेवरील घट्ट पकड इंग्रजीच्या आड येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण जिल्ह्याला शोधावे लागणार नाही.

<b>शहराच्या नावातच नियम</b>

मराठी जिभेचे नियम कसे चालतात, हे पाहण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. शहराचे नाव पुरेसे आहे. पांडवलेण्यांतील प्राकृत शिलालेखांत या नगराचा उल्लेख ‘नासिक’ असा येतो. संस्कृतात ते ‘नासिक्य’ आहे आणि शूर्पणखेच्या नासिकेच्या कथेशी ते जोडले जाते. मग मराठीत ‘नाशिक’ कसे झाले? मराठीची एक जुनी खोड आहे. ‘इ’ किंवा ‘ए’ या स्वरांपूर्वी आलेला ‘स’ अनेकदा ‘श’ होतो. संस्कृत ‘सिंदूर’चा मराठीत ‘शेंदूर’ झाला आणि ‘सीमा’ची ‘शीव’ झाली. नासिकचे नाशिक झाले ते याच नियमाने.

इंग्रजांनी मात्र एन-ए-एस-आय-के असे स्पेलिंग रूढ केले. मुंबई इलाख्याच्या १८८३च्या जिल्हा गॅझेटिअरच्या मुखपृष्ठावर तेच आहे आणि रेल्वेच्या नोंदींतही ते दीर्घकाळ टिकले. आता मराठी उच्चाराला धरून ‘एस’नंतर ‘एच’ घातलेले स्पेलिंग शासकीय व्यवहारात रुळले आहे. दोन्ही स्पेलिंगांमागे इतिहास आहे; त्यातले एकही अडाणीपणाचे नाही.

आता याच नियमाची दुसरी बाजू पाहावी. ग्रामीण भागातील जुन्या पिढीच्या तोंडी सिमेंटचे ‘शिमिट’ होते आणि सिगारेटची ‘शिग्रेट’. शहरी मंडळी त्यास हसतात. पण ‘शिमिट’ म्हणणारी जीभ आणि ‘नाशिक’ म्हणणारी जीभ एकाच नियमाने चालते. एका ठिकाणी तो नियम शहराची ओळख ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी अडाणीपणाची खूण, हा केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, भाषेचा नव्हे.

उलट दिशेनेही असेच घडले आहे. देवळाली येथे ब्रिटिश सैन्याचा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक तेथे महिनोन् महिने अडकून पडत. उकाडा, आजारपण आणि रिकामपण यांनी काहींचे डोके फिरे. त्या अवस्थेला सैनिकांनी नाव दिले ‘डुलॅली टॅप’. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप आणि ‘डुलॅली’ म्हणजे देवळाली! पुढे नुसता ‘डुलॅली’ हा शब्द ‘वेडसर’ या अर्थाने इंग्रजीत रूढ झाला आणि ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. इंग्रजीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘ळ’ आणि ‘ल’ एकसारखे झाले. ‘देव’मधील ‘व’ त्यांच्या कानाला ‘ओ’ वाटला, म्हणून ‘डी-ई-ओ’ असे स्पेलिंग रूढ झाले. येवल्याच्या रोमन नावात ‘व’च्या जागी ‘ओ’ दिसतो, तोही त्याच कारणाने. नाशिकचा माणूस इंग्रजी शब्द आपल्या जिभेप्रमाणे वळवतो, तसाच इंग्रजानेही नाशिकचा शब्द आपल्या जिभेप्रमाणे वळवला. फरक इतकाच, की त्याच्या चुकीला कोशात जागा मिळाली.

<b>कानाने आलेला ‘कर्नल’, डोळ्याने आलेला ‘प्लंबर’</b>

पूर्वी इंग्रजी शब्द मराठीत कानावाटे येत. ऐकले तसे म्हटले आणि आपल्या वळणाने घासून घेतले. ‘बॉटल’ची बाटली झाली, ‘ऑफिस’चे हापिस झाले आणि ‘रिक्रूट’चा रंगरूट झाला. रूप बदलले, पण स्पेलिंगचा गोंधळ त्यात शिरला नाही.

लष्करी हुद्द्यांत हे विशेष स्पष्ट दिसते. ‘कर्नल’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग पाहिले, तर त्यात ‘र’ कोठेच नाही. सी-ओ-एल-ओ-एन-ई-एल असे ते आहे. ‘लेफ्टनंट’च्या स्पेलिंगमध्ये ‘एफ’चा पत्ता नाही. तरीही मराठी माणूस हे दोन्ही शब्द अचूक ब्रिटिश पद्धतीने उच्चारतो, कारण ते त्याने पलटणीत ऐकले, पुस्तकात वाचले नाहीत.

याउलट आजचे अनेक शब्द डोळ्यांवाटे येतात. नळकारागिराला आपण ‘प्लंबर’ म्हणतो. त्यातील ‘बी’ मुका आहे. इंग्रजीत तो ‘प्लमर’ आहे. बुधवारचा ‘वेन्झडे’ वाचताना ‘वेडनेसडे’ होतो. ‘रिसीट’मधील ‘पी’, ‘डाउट’मधील ‘बी’ आणि ‘लिसन’मधील ‘टी’ ही मुकी अक्षरे वाचून शिकलेल्यांच्या तोंडी बोलकी होतात. ‘टी-आर’पासून ‘डी’पर्यंत पाठ केलेले अक्षर उच्चारले पाहिजे, असे देवनागरीत वाढलेल्या माणसाला वाटणे साहजिकच आहे. येथे दोष जिभेचा नाही, शिकण्याच्या क्रमाचा आहे. आधी कान, मग डोळा, हा मातृभाषा शिकण्याचा क्रम इंग्रजीच्या वर्गात बहुधा उलटा होतो.

<b>वाइन आणि व्हाइन</b>

द्राक्षांच्या या जिल्ह्यात एक जोडी रोजच्या वापरातली आहे. ‘वाइन’ म्हणजे द्राक्षापासून केलेले मद्य आणि ‘व्हाइन’ म्हणजे द्राक्षाची वेल. फरक फक्त पहिल्या ध्वनीचा. ‘वाइन’च्या आरंभी ‘डब्ल्यू’ आहे. त्याचा उच्चार करताना शिट्टी वाजवताना होतात तसे ओठ गोल होतात आणि दात ओठाला लागत नाहीत. ‘व्हाइन’च्या आरंभी ‘व्ही’ आहे. तेथे वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. मराठीचा ‘व’ या दोहोंच्या मधला आहे. त्यामुळे मराठी माणूस दोन्ही शब्द एकसारखे म्हणतो आणि ऐकतोही.

मराठी लेखनाने मात्र येथे एक उत्तम सोय करून ठेवली आहे. ‘डब्ल्यू’साठी ‘व’ आणि ‘व्ही’साठी ‘व्ह’ असा भेद आपण पाळतो. वॉर्ड, वॉच, वेटर एकीकडे आणि व्हॅन, व्हिडिओ, ड्रायव्हर दुसरीकडे. हिंदीत असा भेद केला जात नाही. मराठी विद्यार्थ्याला हे शब्द देवनागरीत कसे लिहितात हे आठवले, तर इंग्रजीत ‘व्ही’ घालावा की ‘डब्ल्यू’, हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. एक सावधगिरी मात्र हवी. ‘व्ह’मधील ‘ह’ ही केवळ लेखनातील खूण आहे. तो खराच उच्चारला, तर ‘व्हॅन’ जड आणि महाप्राण होते.

वेलीची आणखी एक गंमत आहे. ‘व्हाइन’ला ‘यार्ड’ जोडून द्राक्षमळा या अर्थाचा शब्द होतो, तेव्हा त्याचा उच्चार ‘व्हाइनयार्ड’ होत नाही, ‘व्हिन्यर्ड’ होतो. जोडशब्दात पहिल्या भागाचा स्वर आखूड होतो. आठवड्याची सुटी ‘हॉलिडे’ होते, ती ‘होली’ म्हणजे पवित्र या शब्दापासून, त्यातलाच हा प्रकार. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सुला’नंतर नाशिकभोवती वाइन उद्योग वाढला आणि त्याबरोबर ‘मर्लो’, ‘कॅबर्ने’ अशी फ्रेंच नावेही आली. त्यांच्या शेवटी लिहिलेला ‘टी’ मुका असतो. ती इंग्रजीच्या नव्हे, फ्रेंचच्या नियमाने वाचावी लागतात. इंग्रजीत फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा अनेक भाषांचे शब्द आपापले स्पेलिंग घेऊन नांदत आहेत, हे स्पेलिंगच्या गोंधळाचे आणखी एक कारण.

‘व’सारखीच कथा ‘झ’ची. इंग्रजी ‘झेड’चा ध्वनी मराठीत नेमका नाही. ‘झू’, ‘झेरॉक्स’, ‘मॅगझिन’ असे आपण ‘झ’ने भागवतो. हिंदीप्रमाणे अक्षराखाली टिंब देण्याची पद्धत मराठीत नाही. ‘प्लेझर’ या शब्दातील वेगळा ध्वनीही त्याच ‘झ’च्या माथी मारला जातो. विमान कारखान्यामुळे देशभर माहीत झालेल्या ओझरचे नाव रोमन लिपीत कधी ‘झेड’ने, तर कधी ‘जे-एच’ने लिहिले जाते, ते यामुळेच.

<b>एका ‘पेन’चे दोन अर्थ</b>

व्यंजनांपेक्षा स्वरांची अडचण मोठी आहे. लेखणी या अर्थाचा ‘पेन’ आणि वेदना या अर्थाचा ‘पेन’ देवनागरीत एकसारखेच लिहिले जातात. तारीख आणि कर्ज या दोन्ही अर्थांचे शब्द ‘डेट’. वर्तमानपत्र आणि मिरी दोन्ही ‘पेपर’. थांबणे आणि ओले असणे दोन्ही ‘वेट’. विक्री आणि विकणे दोन्ही ‘सेल’. इंग्रजी कानाला हे शब्द अगदी वेगळे ऐकू येतात. लेखणीच्या ‘पेन’मधील ‘ए’ आखूड आणि एकसंध असतो. वेदनेच्या ‘पेन’मधील स्वर ‘ए’पासून सुरू होऊन ‘इ’कडे सरकतो. मराठी ‘ए’मध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा अर्थभेद नाही आणि तो असा सरकतही नाही. म्हणून दोन्ही शब्द एकाच साच्यात पडतात.

जेथे मराठीने नवा साचा घडवला, तेथे अडचण कमी झाली. ‘बॅट’, ‘कॅप’ यांतील ‘ॲ’ आणि ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ यांतील ‘ऑ’ हे स्वर मराठीने इंग्रजी शब्दांसाठी लेखनात सामावून घेतले. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही त्यांना स्थान मिळाले. ‘हॉल’ म्हणजे दालन आणि ‘होल’ म्हणजे भोक, यांत मराठी विद्यार्थी क्वचितच गोंधळतो, याचे श्रेय त्या अर्धचंद्राला आहे.

<b>जोर कोठे द्यायचा?</b>

समोरच्या इंग्रजी श्रोत्याला आपले बोलणे कळत नाही, तेव्हा कारण बहुधा एखादा ध्वनी नसते. चुकलेला आघात असतो. मराठीत शब्दातील सर्व अक्षरांना जवळपास सारखे वजन मिळते. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची अक्षरे आखडतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर जातो आणि शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो तिसऱ्यावर सरकतो. ‘हॉटेल’ असे आपण म्हणतो, तो शब्द इंग्रजीत ‘होटेल’ आहे आणि त्याचा जोर ‘टेल’वर आहे. ‘डेव्हलप’ हा खरे तर ‘डिव्हेलप’ आहे. ‘कम्फर्टेबल’ आखडून ‘कम्फ्टबल’ होतो आणि ‘व्हेजिटेबल’चा ‘व्हेज्टबल’ होतो. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर जोर आधी आणि क्रियापद असेल तर नंतर.

जोर नसलेल्या अक्षरांतील क्षीण स्वर हा इंग्रजीत सर्वाधिक वापरला जाणारा स्वर आहे. तो लिहिण्यासाठी इंग्रजीत स्वतंत्र अक्षर नाही. ‘ए’, ‘ई’, ‘ओ’, ‘यू’ यांपैकी कोणतेही अक्षर त्याचे काम करते आणि बहुसंख्य स्पेलिंग चुका तेथेच होतात. मराठी माणसाकडे त्याच्या जवळचा स्वर आयताच आहे, तो म्हणजे आपला ऱ्हस्व ‘अ’. ‘अबाउट’ या शब्दाचे पहिले अक्षर आपण त्यामुळेच सहज बरोबर म्हणतो.

<b>नियम पाठ, अपवाद थोडे</b>

मराठी बोलतो तशीच लिहितो, या अभिमानाने अनेकजण इंग्रजीला नावे ठेवतात. हा अभिमानही तपासून घ्यावा. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ एकसारखे नाहीत. ‘जाळे’ आणि ‘जीवन’ यांतील ‘ज’ही नाहीत. अक्षर एक आणि उच्चार दोन, हे मराठीतही आहेच. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तर सर्वांच्या परिचयाचा. मराठी साहित्य महामंडळाला १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४ असे लेखनाचे १८ नियम करावे लागले, ते यामुळेच. इंग्रजीत हे अंतर फार मोठे आहे, एवढेच.

त्या अंतरातही वाटा आहेत. ‘सी’नंतर ‘ई’, ‘आय’ किंवा ‘वाय’ आले, तर त्याचा उच्चार ‘स’, अन्यथा ‘क’. ‘सर्कस’ या एकाच शब्दात पहिला ‘सी’ ‘स’ होतो आणि दुसरा ‘क’ होतो, तो या नियमानेच. शब्दाच्या शेवटी आलेला मुका ‘ई’ निरुपयोगी नाही. तो आधीचा स्वर बदलतो. ‘हॅट’ला शेवटी ‘ई’ लावला की ‘हेट’ होतो, ‘बिट’चा ‘बाइट’ होतो, ‘कट’चा ‘क्यूट’ होतो. व्यंजन दुहेरी आले की आधीचा स्वर आखूडच राहतो. ‘डिनर’मध्ये ‘एन’ दोन आणि ‘डायनर’मध्ये एक, हे त्यामुळे. आरंभीच्या ‘के-एन’मधील ‘के’ मुका, ‘डब्ल्यू-आर’मधील ‘डब्ल्यू’ मुका आणि शेवटच्या ‘एम-बी’मधील ‘बी’ मुका. भूतकाळाच्या ‘ई-डी’चे तीन उच्चार आहेत. ‘वॉक’चा ‘वॉक्ट’, ‘प्ले’चा ‘प्लेड’ आणि ‘वाँट’चा ‘वाँटिड’. अनेकवचनी ‘एस’ही ‘कॅट्स’मध्ये ‘स’, पण ‘डॉग्ज’मध्ये ‘झेड’चा असतो. ‘ए’ आणि ‘ॲन’ यांची निवड अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून होते. म्हणून तास या अर्थाच्या ‘अवर’ला ‘ॲन’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ला ‘ए’. अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. पण नियम ठाऊक असले, तर पाठ करायची यादी आटोक्यात येते.

<b>कोणती चूक सुधारावी, कोणती सोडावी?</b>

सर्वच उच्चार इंग्रजांसारखे झाले पाहिजेत, असे नाही. खुद्द इंग्रजी बोलणारेही एकसारखे बोलत नाहीत. ‘शेड्यूल’ लंडनचा आणि ‘स्केज्यूल’ न्यूयॉर्कचा. ‘कार’मधील शेवटचा ‘र’ मराठी माणूस स्पष्ट म्हणतो. लंडनमध्ये तो म्हटला जात नाही, पण स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी म्हटला जातो. तेव्हा ती चूक नव्हे. इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ आपण ‘ट’ आणि ‘ड’ने म्हणतो. त्यांची जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लागते, आपली थोडी आणखी मागे वळते. त्यावरून बोलणारा भारतीय आहे एवढेच कळते. अर्थ बिघडत नाही. ‘थिंक’मधील ध्वनीसाठी आपण ‘थ’ वापरतो. तेही सहसा समजून घेतले जाते.

अर्थ बिघडतो तो इतर ठिकाणी. आघात चुकला, ‘पेन’चे दोन स्वर एक झाले, ‘व’ आणि ‘व्ह’ मिसळले, शेवटचे व्यंजन गिळले गेले किंवा मुके अक्षर मोठ्याने म्हटले गेले, की श्रोता अडखळतो. आणखी एक बारीक गोष्ट आहे. शब्दाच्या आरंभीचे ‘पी’, ‘टी’, ‘के’ इंग्रज किंचित हकार मिसळून म्हणतात. आपण ते सपाट म्हणतो, तेव्हा ‘पिन’ त्यांच्या कानाला ‘बिन’सारखा वाटू शकतो. श्रम करायचे ते येथे करावेत.

<b>वर्गात काय बदलावे?</b>

राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. तोपर्यंत ते पाचवीपासून शिकवले जाई. वर्षे वाढली, पण उच्चाराचे शिक्षण वाढले असे म्हणता येत नाही. परीक्षा लेखी असते आणि बोलण्याला वाव थोडा मिळतो. नाशिक जिल्ह्यात तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांतील अनेक मुलांच्या घरी कोकणी बोलली जाते, बागलाण-मालेगावकडे अहिराणी, मालेगाव शहरात मोठ्या प्रमाणावर उर्दू. या मुलांना प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिच्याही पुढची. अहिराणीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ज्या मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात आधीच हसले गेले आहे, ते मूल इंग्रजी बोलायला आपणहून उभे राहील, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

यावर खर्चिक उपायांची गरज नाही. नवा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनी तो दोन-तीन वेळा ऐकावा. आता बहुतेक शब्दकोशांचे ध्वनिमुद्रित उच्चार मोबाइलवर विनामूल्य मिळतात, त्यामुळे शिक्षकाला आपल्या उच्चाराची खात्री नसली, तरी अडत नाही. शब्द लिहून घेताना जोर असलेल्या अक्षराखाली रेघ ओढावी. ‘पेन’-‘पेन’, ‘वाइन’-‘व्हाइन’ अशा जोड्या ऐकवून ओळखायला लावाव्यात, कारण जो फरक कानाला ऐकू येत नाही, तो जिभेवर येत नाही. देवनागरीचा आधार जरूर घ्यावा, पण ती कोठे अपुरी पडते हेही त्याच वेळी सांगावे. आणि चूक झाली, तर ती कोणत्या नियमामुळे झाली, हे समजावून द्यावे.

नोकरीच्या मुलाखतीत मराठी माध्यमाच्या तरुणाचा एक उच्चार चुकतो आणि त्याच्या ज्ञानाविषयीच शंका घेतली जाते, हे शहरात नवे नाही. ‘शिमिट’ म्हणणाऱ्या गवंड्याला सिमेंटचे प्रमाण ठाऊक नसते असे कोणी मानत नाही; त्याने बांधलेली घरे उभी असतात. ‘वेडनेसडे’ म्हणणाऱ्या उमेदवारालाही तोच न्याय लावायला हवा. उच्चार ही शिकता येण्याजोगी गोष्ट आहे आणि ती शिकायलाच हवी. पण तिच्यावरून बुद्धीचे माप काढणे ही उच्चाराच्या चुकीहून मोठी चूक आहे.